उन्हाला पाहून डोळे मिटणाऱ्या खिडक्या

दोस्तांनो, बीडची एप्रिलमधली दुपार कशी असते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पत्रे तापलेले, रस्ता सामसूम आणि घरातली मोठी माणसं दर पाच मिनिटांनी ओरडतात, "बाहेर जाऊ नका रे, ऊन लागंल!" मग तुम्ही घरात बसता आणि खिडकी लावून घेता. खिडकी लावली की अंधार होतो, गोष्टीचं पुस्तक वाचता येत नाही. म्हणून खिडकी उघडता, तर उन्हाची तिरीप थेट डोळ्यांवर! पुन्हा लावता, पुन्हा उघडता. असं चार-पाच वेळा झालं की मनात येतं, या खिडकीला थोडी स्वतःची अक्कल असती तर?

अशा अक्कल असलेल्या खिडक्या खरंच बनवल्या गेल्या आहेत. एक नाही, दोन नाही, चांगल्या २४०! ऊन वाढलं की डोळे बारीक करायचे आणि ढग आले की पुन्हा उघडायचे, असं काम त्यांना नेमून दिलं होतं. या खिडक्या आहेत पॅरिसमध्ये, फ्रान्सच्या राजधानीत, आणि ज्या इमारतीला त्या बसवल्या आहेत तिथं अरब संस्कृतीचं एक मोठं संग्रहालय आहे. इमारतीचं फ्रेंच नाव 'अँस्तित्यू द्यु माँद अराब'. बोलताना जीभ अडखळते ना? आपण तिला सरळ 'अरब जगत संस्था' म्हणू.

"पॅरिसमधलं अरबांचं संग्रहालय! त्याचा आम्हा बीडकरांशी काय संबंध?" असं तुम्ही म्हणाल. संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे. पण तो आत्ताच सांगितला तर मजा जाईल. आधी आपण मनानं तिथं जाऊन येऊ, मग बीडला परत आल्यावर बोलू. चला तर!

नदीकाठची इमारत

पॅरिसच्या मधोमध सेन नावाची नदी वाहते. आपली बिंदुसरा उन्हाळ्यात दगडगोटे दाखवते, तसं सेनचं नाही. बारा महिने तिच्यात पाणी असतं आणि बोटी चालतात. या नदीच्या डाव्या काठाला लागूनच आपली इमारत उभी आहे. काचेची, पोलादाची, चकचकीत. नदीकडची तिची भिंत नदीच्या वळणाबरोबर वळत जाते. मागची, म्हणजे दक्षिणेकडची भिंत मात्र पट्टीनं आखावी तशी सरळ आहे. एकाच इमारतीचे दोन चेहरे!

इमारतीची एक बाजू काचेची आहे, आणि त्या काचेतून आत एक पांढरा मनोरा दिसतो. गोगलगाईच्या शंखासारखा तो गोल गोल वर चढत जातो. हा पुस्तकांचा मनोरा. इराकमध्ये सामर्रा नावाच्या गावी नवव्या शतकातला एक मिनार आहे, सुमारे ५२ मीटर उंच, बाहेरून वळसे घेत वर जाणाऱ्या रस्त्याचा. हा पुस्तकांचा मनोरा पाहिला की त्या मिनाराची आठवण होते. फरक एवढाच, की इथं वळशावळशानं चढत जातात ती पुस्तकं!

पण अरबांचं संग्रहालय पॅरिसमध्ये कशाला? त्याचंही कारण आहे. उत्तर आफ्रिकेतल्या अल्जीरिया या अरब देशावर फ्रान्सनं १८३० ते १९६२ अशी तब्बल १३२ वर्षं सत्ता गाजवली. शेजारच्या ट्युनिशिया आणि मोरोक्कोवरही फ्रान्सचा अंमल होता. इंग्रजांनी आपल्यावर राज्य केलं, त्यातलाच प्रकार. या देशांमधली लाखो माणसं कामधंद्यासाठी फ्रान्समध्ये गेली. कारखान्यांत राबली, रस्ते बांधले, तिथंच राहिली. त्यांची मुलं-नातवंडं आज फ्रेंच शाळांत शिकतात. तुमच्यातल्या काही जणांच्या आईवडिलांना दर वर्षी ऊसतोडीला दूर जावं लागतं. दुसऱ्या मुलखात गेल्यावर "तुम्ही कुठले? तिकडचे का?" हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो, तो सूर तुम्ही ऐकला असेल. पॅरिसमधल्या अरब मुलांनाही तो सूर चांगला ओळखीचा आहे.

१९८० साली फ्रान्स आणि १८ अरब देश एकत्र आले. अरबांची भाषा, कला, शास्त्र यांची फ्रेंच लोकांना नीट ओळख व्हावी, म्हणून पॅरिसमध्ये एक संस्था उभारायचं त्यांनी ठरवलं. इमारतीसाठी १९८१ मध्ये स्पर्धा झाली. ती जिंकली ज्याँ नुव्हेल आणि त्यांच्या सोबत्यांनी. नुव्हेल तेव्हा फक्त ३६ वर्षांचे होते. १९८७ साली इमारत लोकांसाठी उघडली, १९८९ साली तिला वास्तुकलेचा मानाचा आगा खान पुरस्कार मिळाला आणि नुव्हेल यांचं नाव जगभर झालं.

खिडकी की डोळा?

आता दक्षिणेकडच्या अंगणात या आणि मान वर करा. समोर पूर्ण भिंतभर चौकोनच चौकोन. प्रत्येक चौकोनात मधोमध एक मोठं भोक आणि भोवती लहान लहान भोकांची नक्षी. कुठं चांदणी, कुठं षट्कोन, कुठं गोल. लांबून पाहिलं तर एखाद्या जुन्या महालाची दगडी जाळी वाटते. जवळ गेलात की कळतं, हा दगड नव्हे, धातू आहे! प्रत्येक भोकाभोवती पातळ पत्र्याच्या पाकळ्या एकमेकींवर बसवलेल्या आहेत. पाकळ्या आत सरकल्या की भोक लहान होतं, बाहेर सरकल्या की मोठं होतं.

फोटोग्राफरचा जुना कॅमेरा तुम्ही पाहिला असेल, तर त्याच्या भिंगामागे अशाच पाकळ्या असतात. आणि कॅमेरा नसला तरी आरसा आहे ना? आरशासमोर उभे राहा. उजेडात आलात की डोळ्यातली काळी बाहुली बारीक होते, अंधारात गेलात की मोठी होते. तीच युक्ती! ऊन किती आहे हे मोजणारी यंत्रं इमारतीला बसवली. ती यंत्रं छोट्या मोटारींना हुकूम सोडायची आणि मोटारी पाकळ्या हलवायच्या. आत उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर, जमिनीवर, भिंतीवर उजेडाच्या चांदण्या पडायच्या.

आता एक प्रश्न. या खिडक्या दक्षिणेच्याच भिंतीला का? जरा डोकं चालवा. पॅरिस कर्कवृत्ताच्या खूप उत्तरेला आहे. तिथं सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. भर दुपारी तो नेहमी दक्षिणेलाच असतो. म्हणून ऊन अडवायचं तर दक्षिणेला. आपलं बीड कर्कवृत्ताच्या खाली, साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटी सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या दिवशी दुपारी उभी काठी रोवली तर क्षणभर तिची सावलीच पडत नाही! म्हणजे पॅरिसला भिंत सांभाळावी लागते, तर आपल्याला छप्पर. घर बांधताना सूर्य कुठं आहे ते आधी विचारावं लागतं, ते असं.

सरबताची आणि खिडकीची गोष्ट

नुव्हेल यांना ही कल्पना सुचली कुठून? जुन्या अरब घरांवरून. इजिप्तमधल्या कैरोसारख्या शहरांत जुन्या घरांच्या वरच्या मजल्यावर लाकडी जाळीच्या खिडक्या रस्त्यावर पुढं आलेल्या दिसतात. लाकडाचे छोटे छोटे गोलसर तुकडे एकमेकांत गुंतवून ही जाळी करतात. आतल्या माणसाला रस्ता दिसतो, पण रस्त्यावरच्या माणसाला आतलं दिसत नाही. ऊन अडतं, वारा मात्र येतो. या खिडकीचं नाव 'मशरबिया'.

नाव ऐकून काही आठवलं का? अरबी भाषेत शब्द मुळाक्षरांवर उभे असतात. श-र-ब या तीन अक्षरांचा अर्थ 'पिणं'. त्यावरूनच झाला शरबत, म्हणजे आपलं सरबत! मग खिडकीच्या नावात पिणं कुठून आलं? या खिडकीत म्हणे पाण्याच्या मातीच्या सुरया ठेवत. सच्छिद्र मातीतून पाणी झिरपायचं, जाळीतून येणारा वारा त्या ओल्या सुरईला लागायचा, पाण्याची वाफ व्हायची आणि होता होता आतलं पाणी गार करायची. वर घरात येणारा वाराही गारवा घेऊन यायचा. हा आपला माठच की! तुमची आजी माठाला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्याच्या जागी ठेवते, तेव्हा ती कैरोच्या आजीचंच शास्त्र वापरत असते. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नाही. पण ऊन दोघींच्या दारात सारखंच, म्हणून अक्कलही सारखीच!

दगडी जाळी तर आपल्याकडेही आहे. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात सहलीला गेला असाल, तर तिथल्या संगमरवरी जाळ्यांतून पडणारे कवडसे तुम्ही पाहिले असतील. नुव्हेल यांनी हीच जुनी युक्ती उचलली. पण तिची हुबेहूब नक्कल केली नाही. जाळी का केली होती, हे त्यांनी समजून घेतलं आणि आपल्या काळातलं पोलाद, काच आणि विजेची मोटार वापरून तिला नवं रूप दिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा हं, शेवटी उपयोगी पडणार आहे.

आत काय आहे?

चला, आता आत. आधी एक घोटाळा दूर करू. पुष्कळांना वाटतं, अरब म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे अरब. तसं नाही. अरब म्हणजे ज्यांची भाषा अरबी, ते लोक. मोरोक्कोपासून ओमानपर्यंत अरब लीगमध्ये २२ देश आहेत. त्यांत मुसलमान पुष्कळ आहेत, तसे ख्रिश्चनही आहेत, आणि ज्यू लोकही शतकानुशतकं राहत आले. उलट इराणी मुसलमान फारसी बोलतात, तुर्कस्तानातले तुर्की बोलतात, आणि बीडचे मुसलमान दखनी आणि मराठी! २०१२ साली या संग्रहालयाची नवी मांडणी केली, तेव्हा हीच गोष्ट ठळकपणे दाखवली. राजे, लढाया आणि सनावळ्या यांच्या क्रमाऐवजी अरब कोण, त्यांच्या श्रद्धा, त्यांची शहरं, त्यांची सौंदर्याची कल्पना आणि त्यांचं जगणं असे विषय घेतले. मशीद, चर्च आणि ज्यूंचं प्रार्थनास्थळ, या तिन्ही ठिकाणच्या वस्तू तिथं शेजारी शेजारी मांडल्या.

अशा संग्रहालयात मुलांची गर्दी होते ती अ‍ॅस्ट्रोलेबपाशी. ही पितळेची तबकडी. वरच्या कडीत अंगठा घालून लोंबती धरायची. मागच्या पट्टीनं एखादा तारा किंवा सूर्य किती उंचीवर आहे ते मोजायचं. पुढच्या बाजूला ताऱ्यांची नक्षीदार जाळी असते, ती फिरवून जुळवली की किती वाजले ते समजतं. सूर्य कधी उगवेल, कुठला तारा कधी वर येईल, हेही कळतं. घड्याळ आणि आकाशाचा नकाशा, दोन्ही एकाच तळहातावर! मूळ कल्पना ग्रीकांची, ती सुधारून हजार कामांना लावली अरबी भाषेत लिहिणाऱ्या पंडितांनी. आणि १३७० साली महेंद्र सूरी या जैन पंडितानं या यंत्रावर संस्कृतात ग्रंथ लिहिला. त्यानं यंत्राला नाव दिलं 'यंत्रराज'. म्हणजे यंत्रांचा राजा!

म्हणजे आपण फक्त घेतच राहिलो काय? छे! दिलंही भरपूर. तुमच्या पाढ्यांच्या पुस्तकातले आकडे घ्या. दहा चिन्हांत सगळ्या संख्या लिहायची रीत आणि शून्य हे भारतात जन्मले. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी या गणितीनं भारतीय आकडेमोडीवर अरबीत पुस्तक लिहिलं. अरबीत शून्याला म्हणतात 'सिफ्र', म्हणजे रिकामं. त्यावरूनच इंग्रजीतला 'झिरो' आला. युरोपनं हे आकडे अरबांकडून घेतले, म्हणून त्यांना 'अरबी अंक' म्हटलं. अरब मात्र त्यांना प्रामाणिकपणे 'हिंदी अंक' म्हणत आले. आणि त्या अल्-ख्वारिझ्मीच्या नावावरूनच 'अल्गोरिदम' हा शब्द झाला. तुमच्या घरातला मोबाइल फोन आज त्यावरच चालतो.

पंचतंत्राची गोष्ट तर याहून गमतीची आहे. करटक आणि दमनक हे दोन कोल्हे तुम्हाला माहीतच आहेत. पंचतंत्र आधी जुन्या इराणी भाषेत गेलं. तिथून आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा यानं ते अरबीत आणलं. पुस्तकाचं नाव झालं 'कलीला वा दिम्ना'. कलीला म्हणजे आपला करटक आणि दिम्ना म्हणजे दमनक! आपले कोल्हे अरबस्तानात जाऊन, नाव बदलून, तिथले लाडके होऊन बसले. तिथल्या मुलांना ते परके वाटतच नाहीत.

सगळं पाहून झालं की नवव्या मजल्यावरच्या गच्चीवर चला. खाली सेन नदी, पलीकडे नदीतलं बेट आणि नोत्र दामचं प्रसिद्ध चर्च. २०१९ साली या चर्चला मोठी आग लागली. छप्पर जळून खाली आलं. पाच वर्षं खपून कारागिरांनी ते पुन्हा उभं केलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च उघडलं. दुरुस्तीचा विषय निघालाच आहे, तर आपल्या अक्कलवान खिडक्यांचं पुढं काय झालं तेही सांगतो.

खिडक्या रुसल्या

झालं असं, की त्या रुसल्या! हजारो पाकळ्या, शेकडो दांडे, मोटारी, तारा. एवढी नाजूक यंत्रं रोज हलणार म्हटल्यावर बिघडणारच. उघडल्यावर काही वर्षांतच त्यातल्या बऱ्याच झडपा अडकायला लागल्या. जगभरातून लोक "हलणारी भिंत" बघायला यायचे आणि न हलणारी भिंत बघून परत जायचे. इमारत तेवढीच देखणी, पण डोळे मिटायचं-उघडायचं विसरलेली. अखेर २०१७ साली, इमारतीला ३० वर्षं होत असताना, या भिंतीची मोठी दुरुस्ती करण्यात आली.

त्याच २०१७ साली नुव्हेल यांची आणखी एक इमारत अबुधाबीमध्ये उघडली, 'लूव्र अबुधाबी' हे संग्रहालय. महाराष्ट्रातली कितीतरी कुटुंबं नोकरीनिमित्त त्या भागात राहतात. तुमचे कुणी काका-मामा तिकडे असतील तर त्यांना विचारा. या संग्रहालयावर १८० मीटर रुंदीचा एक भलामोठा घुमट आहे. ७,८५० चांदण्या एकावर एक आठ थरांत रचून तो केला आहे. ऊन एका थरातून आत शिरतं, दुसऱ्यात अडतं, तिसऱ्यातून निसटतं आणि खाली कवडशांचा जणू पाऊस पडतो. झावळ्यांच्या मांडवाखाली बसल्यावर पडतो तसा. गंमत ही, की इथं एकही मोटार नाही. हलतो तो फक्त सूर्य. कवडसे त्याच्याबरोबर आपोआप सरकत राहतात. जे हलतच नाही, ते अडकणार तरी कसं?

आता बीडला परत

ज्यात काही हलत नाही आणि तरीही जे काम करतं, असं एक जुनं बांधकाम तुमच्या गावाजवळच आहे. ओळखा पाहू! बीड शहराच्या दक्षिणेला सुमारे ६ किलोमीटरवर, सोलापूर-धुळे महामार्गालगत. हं, बरोबर. खजाना विहीर!

हिजरी सन ९९१, म्हणजे इसवी सन १५८३. तेव्हा बीडवर अहमदनगरच्या निजामशाहीचा अंमल होता आणि मुर्तझा निजामशहा गादीवर होता. बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं ही विहीर बांधवून घेतली आणि तिची रचना केली राजा भास्कर या स्थापत्यकारानं. खजिन्यात भरायचा पैसा विहिरीवरच खर्च झाला, म्हणून तिचं नाव खजाना, अशी गोष्ट लोक सांगतात. विहिरीत जमिनीखालून तीन बांधीव बोगदे येऊन मिळतात. दोन बोगद्यांतून पाणी आत येतं, तिसऱ्यातून बाहेर पडून उत्तरेकडच्या मळ्यांना जातं. ना मोट, ना पंप, ना वीज! बोगद्यांना अगदी किंचित उतार दिला आहे. बाकीचं काम पृथ्वी करते. पाणी जमिनीखालून जातं म्हणून उन्हानं त्याची वाफ होत नाही. बाहेर दुष्काळ असतानाही या विहिरीनं पाणी दिल्याच्या आठवणी जुनी माणसं सांगतात.

जमिनीखालून उतारानं पाणी न्यायची ही विद्या फार जुनी आहे. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी इराणी लोकांनी ती वाढवली. त्यांचं नाव 'कनात'. पुढं ती अरब मुलखांत पसरली. ओमानात तिला 'फलज' म्हणतात, अल्जीरियात 'फोग्गारा', मोरोक्कोत 'खेत्तारा'. म्हणजे ज्या देशांच्या वस्तू आपण पॅरिसच्या संग्रहालयात पाहिल्या, त्या देशांतली वाळवंटी गावं ज्या विद्येवर जगली, तिची मावसबहीण आपल्या बीडजवळ नांदते आहे! छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी पुढं मलिक अंबरनं बांधली, तीही याच घराण्यातली. मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतला, इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला गेला, अरब मुलखातून दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. विद्या अशीच प्रवास करते. माणसांबरोबर, कधी व्यापाऱ्याच्या गलबतातून, कधी गुलामाच्या डोक्यातून.

आता खजाना या शब्दाकडे या. हा शब्द अरबी. मूळ अक्षरं ख-ज़-न, अर्थ 'साठवणं'. त्यावरून खजिना. त्यावरूनच 'मखज़न' म्हणजे कोठार. हे कोठार अरबांकडून इटलीत गेलं, फ्रान्समध्ये गेलं, इंग्लंडमध्ये गेलं आणि त्याचं झालं 'मॅगझीन'! १७३१ साली लंडनमध्ये एका नियतकालिकानं आपल्या नावात हा शब्द घेतला. माहितीचं कोठार, अशा अर्थानं. तेव्हापासून नियतकालिकांना मॅगझीन म्हणू लागले. म्हणजे या क्षणी तुमच्या हातात जे आहे ते आणि बीडची ती विहीर, दोघी सख्ख्या बहिणी निघाल्या की नाही?

अशी नाती मोजायला बसलात तर बोटं पुरणार नाहीत. 'जिल्हा' आणि 'तालुका' अरबी. हिशेब, बाकी, जमा, तारीख, दुकान, वकील, मालक, हवा, इमारत हे सगळे मूळचे अरबी. फारसीच्या बोटाला धरून ते आपल्याकडे आले आणि इतके मुरले, की आज कुणी त्यांना पाहुणे म्हणत नाही. आणि 'बीड' हे नाव? त्याबद्दल अनेक गोष्टी सांगतात. त्यातली एक अशी, की अरबीत विहिरीला 'बिर' म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. ही गोष्ट खरी असो वा नसो, विहिरीच्या गावाला ती शोभून मात्र दिसते!

पुढचं काम तुमचं

आता मी मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं, ते आठवा. नुव्हेल यांनी जुन्या खिडकीची नक्कल केली नाही, तिच्यातली अक्कल उचलली. जुनी वस्तू जपायचे दोन मार्ग असतात. एक, ती काचेच्या कपाटात ठेवणं. तेही हवंच. पण दुसरा मार्ग त्याहून मोठा. ती का केली होती हे समजून घेणं आणि ती चालू ठेवणं. पॅरिसच्या लोकांकडे पैसा होता, तज्ज्ञ होते, तरी लक्ष कमी पडलं आणि खिडक्या अडकल्या. खजाना विहिरीत अडकायला मोटार नाही. पण बोगद्यात गाळ भरू दिला, आजूबाजूची जमीन कशीही खोदली, विहिरीत पिशव्या आणि बाटल्या टाकल्या, तर चारशे वर्षांहून जास्त टिकलेली रचनाही मुकी होईल. बीड म्हटलं की बाहेरच्या लोकांना फक्त दुष्काळ आठवतो. दुष्काळाला उत्तर शोधणारी माणसं इथंच होऊन गेली, हे त्यांना कोण सांगणार? तुम्हीच ना!

पॅरिसमधल्या अल्जीरियन, मोरोक्कन मुलांचं मघाशी सांगितलं. "तुम्ही तिकडचे का?" असं कुणी विचारलं, तर ती मुलं आता या चकचकीत भिंतीकडे बोट दाखवू शकतात. "ही आमच्या आजीच्या घरची खिडकी आहे," असं म्हणू शकतात. तुम्हालाही उद्या कुणी विचारलं, "बीड? तिथं बघण्यासारखं काय आहे?" तर मान खाली घालू नका. विहिरीची गोष्ट सांगा. पॅरिसपासून सुरुवात केलीत तरी चालेल!

करून पाहा

१. सारख्या मापाच्या दोन बाटल्यांत सारखंच पाणी भरा. एका बाटलीला ओलं सुती फडकं गुंडाळा, दुसरी तशीच ठेवा. दोन्ही सावलीत, वाऱ्याच्या जागी ठेवा. फडकं वाळू देऊ नका. दोन तासांनी दोन्ही पाण्यांत बोट बुडवून पाहा. मशरबियाचं गुपित तुमच्या बोटाला कळेल.

२. एका जाड पुठ्ठ्याला निरनिराळ्या आकारांची भोकं पाडा आणि तो सकाळी उन्हाच्या खिडकीत लावा. जमिनीवर पडलेल्या कवडशांभोवती खडूनं रेघ ओढा. दर तासाला पुन्हा ओढा. संध्याकाळी तुमच्या घरात सूर्याच्या प्रवासाचा नकाशा तयार!

३. आपल्या गावातल्या जुन्या विहिरींची यादी करा. कुणी बांधली, केव्हा, पाणी असतं का, पायऱ्या आहेत का, हे आजी-आजोबांना विचारून वहीत लिहा. विहीर पाहायला जाल तेव्हा मोठं माणूस बरोबर हवंच, आणि काठावर वाकायचं नाही! एक पान, दोन पानं, जेवढं जमेल तेवढं लिहा. वरती तारीख घाला. पन्नास वर्षांनी तुमची ती वहीसुद्धा एखाद्या संग्रहालयात ठेवावीशी वाटेल, कुणी सांगावं?